मोसुलची लढाई : वाचकांच्या शंका आणि आमची उत्तरे

इराकमधील मोसुल हे शहर जून २०१४ मध्ये आयसिसच्या हाती कसे गेले आणि तीन वर्षांनंतर, जुलै २०१७ मध्ये, इराकी सैन्याने ते परत कसे घेतले, याविषयीचा लेख मागील अंकात प्रसिद्ध झाला होता. त्या लेखावर आलेल्या पत्रांपैकी काहींतील प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे लांबीमुळे संक्षिप्त केली आहेत. आशय मात्र वाचकांचाच आहे.

प्रश्न : लेखात हल्लेखोरांची संख्या दीड हजाराच्या आसपास असल्याचे म्हटले आहे. समोर शस्त्रसज्ज सैन्य आणि पोलीस असताना एवढ्याशा टोळीने दहा लाखांहून अधिक वस्तीचे शहर चार-पाच दिवसांत घेतले, हे पटत नाही. मी वीस वर्षे गणवेशात काढली आहेत. ते सैनिक भ्याड होते, असे म्हणायचे का? (माजी सैनिक, सातारा)

उत्तर : नाही, तसे म्हणता येणार नाही, आणि आपण स्वतः फौजेत होता म्हणून याचे उत्तर आपल्याला चटकन पटेल. कागदावरचे सैन्य आणि चौकीवरचे सैन्य यांत फार मोठे अंतर होते. नूरी अल-मलिकी यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या हैदर अल-अबादी यांनी २०१४ च्या अखेरीस संसदेत सांगितले की, पगारपत्रकावरील ५० हजार सैनिक प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हते. त्यांचा पगार निघत होता आणि तो वरिष्ठांच्या खिशात जात होता. ज्या तुकडीत हजेरीपटावरची अर्धी माणसे जागेवर नाहीत आणि उरलेल्यांना दारूगोळा वेळेवर मिळत नाही, तिथे सेनाधिकारी शहर सोडून गेल्याची बातमी ९ जूनच्या रात्री पोहोचली, तेव्हा सैनिकांनी गणवेश काढून साधे कपडे चढवले. १० जून रोजी शहर गेले.

परंतु मूळ दुखणे त्याहून जुने आहे. मे २००३ मध्ये अमेरिकेचे प्रशासक पॉल ब्रेमर यांनी एका आदेशाने इराकचे संपूर्ण सैन्य बरखास्त केले. शस्त्र चालवता येणारे, रोजगार गेलेले आणि अपमानित झालेले लाखो पुरुष एका दिवसात घरी बसले. २००६ पासून अनबार प्रांतातील सुन्नी टोळ्यांनी अल-कायदाच्या इराकी शाखेविरुद्ध (हीच पुढे आयसिस झाली) शस्त्र उचलले, तेव्हा चित्र पालटले होते; ‘सहवा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या दलांत २००८ पर्यंत सुमारे एक लाख माणसे आली. त्यांना सरकारी नोकरीत सामावून घेण्याचे वचन देण्यात आले होते, पण ते बव्हंशी पाळले गेले नाही. जुलै २०१३ मध्ये अबू गरीबचा तुरुंग फोडून पाचशेहून अधिक कैदी पळवले गेले, आणि मोसुलचे व्यापारी व कंत्राटदार तर शहर पडण्याच्या कितीतरी आधीपासून याच संघटनेला दरमहा खंडणी देत होते. रात्रीचे राज्य ज्याचे, शहर त्याचे. १० जूनला ते फक्त दिवसाउजेडी दिसले.

ज्यांनी शस्त्र खाली ठेवले, त्यांचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. १२ जून रोजी तिक्रितजवळच्या स्पायकर तळावरून बाहेर पडलेल्या निःशस्त्र तरुण प्रशिक्षणार्थींना आयसिसने वेचून मारले. इराकी सरकारने हा आकडा सुमारे १,७०० सांगितला आहे.

प्रश्न : अमेरिका आणि तिच्या मित्रराष्ट्रांकडे जगातील सर्वोत्तम विमाने होती. ऑगस्ट २०१४ पासून हवाई हल्ले सुरूही झाले. मग विमानांनीच ही संघटना का संपली नाही? पायदळ पाठवायचे की नाही, यावर इतका काळ वाद का घातला गेला? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : या वादाची दोन्ही टोके त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये उघडपणे मांडली गेली. अध्यक्ष बराक ओबामा यांनी १० सप्टेंबर २०१४ च्या भाषणात सांगितले की, हल्ले विमानांनी करायचे आणि जमिनीवर स्थानिक सैन्य लढेल; अमेरिकी लढाऊ पायदळ जाणार नाही. आठवडाही उलटला नव्हता, तोच संयुक्त सेनाप्रमुख जनरल मार्टिन डेम्प्सी यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितले की, गरज पडल्यास अमेरिकी सल्लागारांनी इराकी तुकड्यांबरोबर पुढे जावे, अशी शिफारस आपण करू. टीकाकारांचे म्हणणे होते की, ओबामांचे धोरण अर्धवट आहे आणि शत्रूला वेळ देणारे आहे.

आता प्रत्यक्षात काय घडले, ते पाहू. सीरियाच्या सीमेवरील कोबानी या कुर्दी शहराला सप्टेंबर २०१४ मध्ये वेढा पडला. शहराचा बहुतेक भाग गेला होता. तिथे कुर्दी स्त्री-पुरुष घराघरातून लढत होते आणि शत्रू नेमक्या कोणत्या इमारतीत आहे, ते कळवत होते. आयसिस मात्र प्रतिष्ठेपायी माणसे ओततच राहिली आणि ती विमानांच्या माऱ्यात सापडत गेली. जानेवारी २०१५ मध्ये कोबानी सुटले. याच्या उलट चित्र इराकमधील रमादीचे. नऊ महिने हवाई हल्ले चालू असतानाही मे २०१५ मध्ये ते शहर पडले. आयसिसने पोलादी पत्रे ठोकलेले बुलडोझर आणि स्फोटकांनी भरलेल्या गाड्या सरकारी कचेऱ्यांच्या तटबंदीवर एकामागून एक धडकवल्या. विमान वरून रस्ता बंद करू शकते, तळ उद्ध्वस्त करू शकते, पण तटबंदीमागच्या शिपायाला ‘उद्या सकाळीही मी इथेच आहे’ हा धीर ते देऊ शकत नाही.

विमानांनी जे काम उत्तम केले, ते पैशाची नाडी आवळण्याचे. तेलाची तस्करी हा या संघटनेचा मोठा आधार होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये पूर्व सीरियात तेलवाहू ट्रकच्या ताफ्यावर हल्ला करण्यापूर्वी सुमारे पाऊण तास आधी पत्रके टाकण्यात आली : ट्रक सोडून दूर पळा. ते चालक बहुधा पोटासाठी गाडी हाकणारे गावकरी होते आणि ट्रक जळाले तरी माणसे वाचावीत, असा त्यामागे विचार होता. दहशतवाद्यांविरुद्धच्या युद्धात असा विचार करणे म्हणजे दुबळेपणा, असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही.

माझे मत विचाराल, तर परकीय पायदळ न पाठवण्याचा निर्णय बरोबर होता, पण स्थानिक सैन्य उभे करण्याची तयारी फार तोकडी होती. सीरियात लढवय्ये तयार करण्यासाठी ५० कोटी डॉलरचा कार्यक्रम आखला गेला, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये पश्चिम आशियातील अमेरिकी फौजांचे प्रमुख जनरल लॉइड ऑस्टिन यांना सिनेटपुढे सांगावे लागले की, त्यातून तयार झालेल्यांपैकी प्रत्यक्ष लढत असलेले जवान चार किंवा पाच आहेत. विमान की पायदळ, यावर वर्षभर खल झाला. शहर घेतल्यावर त्यात राहणार कोण, हा प्रश्न मागेच राहिला.

प्रश्न : शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत कारतलबखानाची कोंडी केली आणि तो शरण आल्यावर त्याला जाऊ दिले, असा इतिहास आम्ही वाचला आहे. मोसुलमध्ये चारही बाजूंनी वेढा घालून शत्रूला शेवटच्या माणसापर्यंत लढायला लावले गेले. त्यापेक्षा त्याला पळायला एक वाट ठेवली असती, तर शहर वाचले असते का? (निवृत्त शिक्षिका, पुणे)

उत्तर : आलेल्या पत्रांतील सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे आणि मोसुलविषयीचा खरा लष्करी वादही याच मुद्द्यावर आहे.

१७ ऑक्टोबर २०१६ रोजी मोहीम सुरू झाली, तेव्हा वेढा घोड्याच्या नालेसारखा होता. सीरियाच्या दिशेची, म्हणजे पश्चिमेची बाजू मोकळी होती. नोव्हेंबरमध्ये ‘हश्द अल-शाबी’ या, मुख्यतः शिया असलेल्या सशस्त्र दलांनी मोसुलच्या पश्चिमेस असलेल्या तल अफरच्या परिसरात उतरून तीही वाट तोडली. आयसिसचे लढवय्ये सीरियात निसटू नयेत, हा त्यामागचा हेतू होता. पुढे मे २०१७ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री जेम्स मॅटिस यांनी हे धोरण जाहीरपणेच सांगितले : शत्रूला एका ठिकाणाहून दुसरीकडे ढकलत न बसता जागीच घेरून संपवायचे, म्हणजे परदेशातून आलेले लढवय्ये आपापल्या देशी परतणार नाहीत.

शहरातील नागरिकांना विमानांतून टाकलेल्या पत्रकांद्वारे घरातच राहण्यास सांगण्यात आले होते. लाखोंचे लोंढे एकदम बाहेर पडले, तर छावण्या पुरणार नाहीत, ही भीती खोटी नव्हती. परंतु त्यामुळे लढाई भरवस्तीत झाली. पूर्व मोसुलमध्ये इराकच्या दहशतवादविरोधी दलाची पद्धत अशी होती की, चिलखती बुलडोझर पुढे घालायचा, प्रत्येक आडव्या गल्लीच्या तोंडाशी मातीचा बांध टाकायचा आणि मगच जवानांनी पुढच्या ओळीतील घरांत शिरायचे. बांध टाकण्यास पाच मिनिटे उशीर झाला, तर त्याच गल्लीतल्या एखाद्या गॅरेजचे दार उघडून स्फोटकांनी भरलेली गाडी बाहेर येत असे. या दलाची सुमारे ४० टक्के हानी झाल्याचा उल्लेख अमेरिकी संरक्षण खात्याच्या अर्थसंकल्पविषयक कागदपत्रात आहे. कोणत्याही देशाचे निवडक दल असे झिजले, तर त्या देशाचे काय होईल, याचा विचार करून पाहावा.

जानेवारी २०१७ मध्ये टायग्रिस नदीचा पूर्वेकडील भाग मोकळा झाला. पश्चिमेकडील जुन्या शहरात बोळ इतके अरुंद की, चिलखती गाडी वळतच नाही. आयसिसच्या माणसांनी घरांच्या सामायिक भिंतींना भगदाडे पाडली होती आणि त्यांतून ते रस्त्यावर न येता अख्खी आळी ओलांडत. वरून ड्रोनला दिसू नये म्हणून बोळांवर चादरी ताणलेल्या असत. कुटुंबांना बंदुकीच्या धाकाने एका मोहल्ल्यातून दुसऱ्या मोहल्ल्यात हाकलत नेले जाई, आणि सैन्याच्या दिशेने पळणाऱ्यांवर पाठीमागून गोळ्या झाडल्या जात. १७ मार्च २०१७ रोजी अल-जदीदा भागात गच्चीवरील दोन बंदूकधाऱ्यांना टिपण्यासाठी एक बाँब टाकण्यात आला. खाली आसऱ्याला आलेल्या किमान १०५ नागरिकांचा मृत्यू झाल्याचे अमेरिकेने चौकशीअंती मान्य केले. इमारतीत आयसिसने ठेवलेल्या स्फोटकांमुळे ती कोसळली, असा त्या चौकशीचा निष्कर्ष होता. तो खरा धरला, तरी दोन माणसांसाठी तो बाँब टाकावा का, हा प्रश्न उरतोच. संपूर्ण मोहिमेत ९ ते ११ हजार नागरिक मृत्युमुखी पडले, असे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या डिसेंबर २०१७ मधील पडताळणीत दिसून आले.

आता वाट मोकळी ठेवली असती तर? याची उदाहरणे उपलब्ध आहेत. जून २०१६ मध्ये इराकमधील फलुजा शहर सोडून वाळवंटात निघालेल्या आयसिसच्या ताफ्यांवर विमानांनी हल्ला केला आणि शेकडो वाहने नष्ट झाली. लढाई शहराबाहेर झाली. ऑगस्ट २०१६ मध्ये सीरियातील मनबिजमधून आयसिसचा ताफा निघाला, तेव्हा मात्र त्यांनी गाड्यांत नागरिक बसवले होते. विमाने वर घिरट्या घालत राहिली आणि ताफा निघून गेला. ऑक्टोबर २०१७ मध्ये रक्का शहराच्या शेवटी स्थानिक टोळीप्रमुखांच्या मध्यस्थीने शेकडो लढवय्ये कुटुंबकबिल्यासह बाहेर पडले. या तडजोडीवर कडक टीका झाली. तरीही त्यातील बरेचसे लोक जिकडे गेले, त्या युफ्रेटीसच्या खोऱ्यातील शेवटचे गाव बागूझ मार्च २०१९ मध्ये पडलेच.

उंबरखिंडीच्या उदाहरणात एक फरक आहे. तिथे दाट जंगल होते, वस्ती नव्हती, आणि कारतलबखान हा जिवाची व मालाची किंमत समजणारा सरदार होता. मोसुलमधील शत्रूला शरणागती म्हणजे धर्मभ्रष्टता वाटत होती. तरीसुद्धा मला वाटते की, पश्चिमेची वाट तोडण्याचा निर्णय चुकीचा होता. वाट उघडी असती, तर सगळे शत्रू पळाले असते असे नाही. पण परदेशी कट्टर लढवय्ये आणि पगारासाठी सामील झालेले स्थानिक तरुण यांच्यात फूट पडली असती, आणि जुन्या शहरात अडकलेल्यांची संख्या घटली असती. या मताची किंमतही मी लपवत नाही : त्या वाटेने आयसिसने पळवलेल्या यझिदी या अल्पसंख्याक समाजातील स्त्रियांना गुलाम म्हणून पुन्हा सीरियात नेले गेले असते, आणि काही मारेकरी खरोखरच निसटले असते. युरोपातील शहरांची सुरक्षितता आणि मोसुलमधील बोळांतील माणसे यांत निवड करायची वेळ आली, तेव्हा निवड करणारे त्या बोळांत राहत नव्हते, एवढे मात्र खरे.

प्रश्न : सरकारी सैन्य कमी पडत असताना हश्द आणि पेशमर्गा (कुर्दांचे स्वतःचे सैन्य) यांना शस्त्रे देणे योग्य होते का? (राज्यशास्त्राचे प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : १३ जून २०१४ रोजी इराकमधील शियांचे ज्येष्ठ धर्मगुरू आयतुल्ला अली अल-सिस्तानी यांचे शस्त्र उचलण्याचे आवाहन शुक्रवारच्या नमाजात वाचून दाखवले गेले आणि हजारो तरुण भरतीसाठी निघाले. त्या आठवड्यात बगदादच्या रक्षणाला दुसरे कोणी नव्हते. तेव्हा त्यांना शस्त्र देऊ नका, असे म्हणणे पुस्तकी ठरले असते. पण २०१५ मध्ये तिक्रित घेतल्यावर घरांची लुटालूट आणि जाळपोळ झाली, आणि २०१६ च्या फलुजा मोहिमेत जवळच्या सकलावियातून शेकडो सुन्नी पुरुष नाहीसे झाले. म्हणूनच मोसुलच्या वेळी हश्द आणि पेशमर्गा यांनी शहराच्या आत शिरू नये, असे ठरवण्यात आले, आणि ते बव्हंशी पाळले गेले. त्या मोहिमेतील हा निर्णय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. कुर्दांच्या बाबतीत हिशेब लगेच पुढे आला : सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांनी स्वातंत्र्यासाठी सार्वमत घेतले आणि १६ ऑक्टोबरला इराकी सैन्याने किर्कुक त्यांच्याकडून काढून घेतले.

प्रश्न : म्होरक्याला मारले की संघटना संपते का? (अकोला)

उत्तर : या संघटनेचा पहिला म्होरक्या अबू मुसाब अल-झरकावी जून २००६ मध्ये मारला गेला, त्याच्या जागी आलेले दोघे एप्रिल २०१० मध्ये, आणि अबू बक्र अल-बगदादी ऑक्टोबर २०१९ मध्ये. २०१० नंतरची दुबळी झालेली संघटना चार वर्षांत मोसुल घेऊ शकली, यातच उत्तर आहे. म्होरक्या मारल्याने वेळ मिळतो. त्या वेळात तुरुंग, पोलीस आणि पगार नीट केले नाहीत, तर तो वाया जातो.

प्रश्न : २०१४ मध्ये आमच्या कल्याणमधून चार तरुण इराकला गेले होते. हजारो मैलांवरच्या युद्धनीतीचा आणि आमच्या गल्लीचा संबंध कसा लावायचा? (शिक्षक, कल्याण)

उत्तर : ते तरुण मे २०१४ मध्ये गेले, म्हणजे आयसिसने खिलाफतीची (आपल्या इस्लामी राज्याची) घोषणा करण्याच्या आधीच. त्यांतील एक नोव्हेंबरमध्ये परतला आणि राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्याला अटक केली. २९ जूनच्या घोषणेनंतर या संघटनेकडे दाखवण्यासारखे शहर, नाणी, न्यायालये आणि मशिदीच्या मिंबरावर (प्रवचनाच्या चौथऱ्यावर) उभा असलेला म्होरक्या होता. तिच्या प्रचाराची भिस्त जमिनीच्या तुकड्यावर होती. ती जमीन गेल्यावर परदेशातून येणाऱ्यांचा ओघ आटला, आणि म्हणून मोसुल परत घेणे लष्करीदृष्ट्या आवश्यकच होते. मतभेद आहे तो पद्धतीबद्दल. बाकी, कल्याणसारख्या ठिकाणी मुलगा घरातून निघून गेल्यावर बाप पोलीस ठाण्याची पायरी न घाबरता चढू शकतो का, हा प्रश्न रणनीतीपेक्षा कमी महत्त्वाचा नाही.

प्रश्न : मोसुलमध्ये पळवले गेलेले आपले ३९ कामगार मारले गेल्याचे कळायला चार वर्षे लागली. आमच्या गुरुद्वारात त्यांच्यासाठी अरदास (प्रार्थना) होत असे. त्यांची सुटका करण्यासाठी लष्करी कारवाई शक्य नव्हती का? (नांदेड)

उत्तर : नव्हती, असेच मला प्रामाणिकपणे वाटते. ओलिसांच्या सुटकेसाठी ते कोणत्या इमारतीत आहेत, हे निश्चित ठाऊक असावे लागते, आणि जून २०१४ नंतर मोसुलमधून विश्वासार्ह माहिती बाहेर येणे जवळजवळ थांबले होते. केरळच्या ४६ परिचारिका जुलै २०१४ मध्ये सुखरूप परतल्या, त्या वाटाघाटींमुळे. कमांडो पाठवून नव्हे. हे कामगार मात्र पळवले गेल्यानंतर थोड्याच काळात मारले गेले असावेत, आणि त्यांतून निसटलेला एकमेव माणूस तसे सांगतही होता. पुरावा मिळेपर्यंत कोणाला मृत घोषित करणार नाही, ही सरकारची भूमिका होती. कुटुंबांना चार वर्षे आशेवर ठेवल्याबद्दल तिच्यावर टीका झाली, आणि त्या टीकेतील दुःख रास्त होते.

पुरावा शोधायचा, तर जमीन हातात यावी लागते. मोसुलच्या वायव्येस असलेले बदूश इराकी सैन्याने मार्च २०१७ मध्ये घेतले आणि शहर जुलैमध्ये मोकळे झाले. त्यानंतरच आपले अधिकारी तिथे जाऊन स्थानिक लोकांना विचारू शकले, आणि बदूशजवळच्या एका टेकाडाखाली बरेच मृतदेह पुरल्याचे समजले. जमिनीच्या आतील वस्तू दाखवणाऱ्या रडारने ती जागा तपासून खोदण्यात आली आणि बगदादमध्ये कुटुंबीयांच्या नमुन्यांशी डीएनए जुळवून पाहण्यात आले. २० मार्च २०१८ रोजी परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत ही माहिती दिली. आपली माणसे इथेच आहेत, असा पहिला अंदाज कशावरून आला, तेही त्यांनी सांगितले : त्या मातीतून लांब केस निघाले, हातातली कडी निघाली, आणि इराकमध्ये कोणी घालत नाही असे बूट निघाले.